कशावरून बाई

बाईंचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. बाकी साऱ्या शाळेसाठी त्या ‘कशावरून बाई’. रसायनशास्त्राच्या तासाला कुणी छाती फुगवून उत्तर दिलं, की बाई मान तिरकी करून विचारत, “कशावरून?” झालं, त्या पोराची हवा गुल. ‘पुस्तकात लिहिलंय’ हे कारण चालत नसे. आधी अंदाज फळ्यावर लिहायचा, मग करून बघायचं, आणि चुकलेला अंदाज पुसायचा नाही. असले चुकांनी भरलेले फळे बघून बाई खूश होत, हे इतर शिक्षकांच्या काही पचनी पडत नसे.

ही खोड वडिलांकडून आलेली. वडील रंगारी. निळीच्या पिंपातून कापड वर काढलं की आधी पिवळट-हिरवं दिसे, आणि दोरीवर टाकलं की बघता बघता निळं होई. “बाबा, निळा आला कुठून?” ती चिमुरडी विचारी. “मला काय ठाऊक! हवा लागली की होतो. झाकून बघ.” तिने एक टोक घट्ट गुंडाळून ठेवलं, तर ते आतून खरंच हिरवं राहिलं. पुढे शाळेत ऑक्सिडेशनची व्याख्या तिने घडाघडा म्हणून दाखवली, पैकीच्या पैकी गुण घेतले. ती व्याख्या म्हणजेच बाबांचं पिंप, हे डोक्यात शिरलं तेव्हा ती स्वतः शिक्षिका झाली होती आणि बाबा राहिले नव्हते. त्यांना हे सांगायचं राहूनच गेलं. त्याची हळहळ बाईंना अजून वाटते.

यंदा रसायनशास्त्राचा निकाल घसरला आणि मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून घेतलं.

“बाई, पोरं रंग ओतत बसतात आणि पेपरात व्याख्या चुकतात. प्रयोगशाळा रिकामी करा. तिथे सरावाचे जादा वर्ग घेऊ.”

बाई म्हणाल्या, “सर, आधी एक तास येऊन बघा. मग खुशाल कुलूप लावा.”

“येतो की. पण किल्ली आत्ताच द्या. पटलं, तर परत मिळेल.”

त्या संध्याकाळी बाईंनी घरी जांभळा कोबी उकळायला ठेवला. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा. वास आल्याबरोबर त्याने डोकावून विचारलं, “आज स्वयंपाक आपल्यासाठी आहे की शाळेसाठी?” एरवी बाई हसल्या असत्या.

इकडे सर ज्या वर्गाचा तास बघणार होते, तिथेही खलबतं चालली होती. बाईंची प्रयोगशाळा जाणार, ही बातमी पोरांपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो! शेजारच्या तुकडीत हाच प्रयोग नुकताच झाला होता. यांनी त्यांना गाठून उत्तरं काढून घेतली आणि सगळ्या वर्गाने ती तोंडपाठ केली. बाईंची मान खाली जाऊ नये, एवढीच त्यांची धडपड. बाई प्रत्येक तुकडीत वाट्यांचा क्रम बदलतात, हे त्या उत्साहात कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः प्रयोगशाळा उघडून मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसले. टेबलावर तीन वाट्या, तिन्हींत पांढरी पूड; शेजारी कोबीचा जांभळा रस. आंबट पदार्थात हा रस गुलाबी होतो, सोड्यात निळसर-हिरवा.

“कशात काय असेल? अंदाज?” बाईंनी विचारलं.

एरवी या प्रश्नावर गदारोळ उठायचा. आज सगळे एका सुरात गरजले, “पहिल्या वाटीत सोडा, दुसऱ्या वाटीत मीठ, तिसऱ्या वाटीत लिंबूसत्त्व!”

सगळा प्रकार बाईंना कळून चुकला.

“वा, पाठांतर झकास!” मागून सर म्हणाले. “मग प्रयोगशाळा हवीच कशाला?”

वाट्या हळूच इकडच्या तिकडे करता आल्या असत्या. बाईंचा हात तिकडे गेलाही, पण त्यांनी तो मागे घेतला. पहिल्या बाकावर एक मुलगी होती, सगळं पाठ म्हणणारी, म्हणून वर्ग तिला ‘टेपरेकॉर्डर’ म्हणे. बाईंनी ड्रॉपर तिच्या हातात दिला. “घे, करून बघ.”

पहिल्या वाटीत थेंब पडला आणि चक्क गुलाबी झाला.

मुलगी कानापर्यंत लाल झाली. मग वाटीवर वाकून स्वतःशीच पुटपुटली, “मग सोडा गेला कुठे?”

“तिसरीत टाक!” मागून कुणीतरी ओरडलं. “सरक ना, दिसू दे!” स्टुलं खरखरली. तिसऱ्या वाटीत निळसर-हिरवा रंग उमटला आणि पोरांनी एकच गलका केला. दुसरीत रस जांभळाच राहिला. एव्हाना सरही घोळक्यात येऊन मान उंचावत होते.

“दुसरीत मीठच,” ते सहज बोलून गेले. “त्यात काय एवढं!”

“कशावरून?” अख्खा वर्ग एकदम.

सर गडबडले. “रंग बदलला नाही म्हणून.”

“पण सर, साखरेनेही बदलणार नाही,” टेपरेकॉर्डर म्हणाली.

सरांनी बोट वाटीकडे नेलं.

“सर! इथे काहीही चाखायचं नाही!” बाई कडाडल्या. पोरं खो खो हसली. सरांनी मुकाट्याने बोट मागे घेतलं.

“मग ओळखायचं कसं?”

“मला काय ठाऊक!” बाई म्हणाल्या. “करून बघा.”

तेवढ्यात घंटा झाली. पोरं जागची हलेनात. सर दारापर्यंत गेले, घुटमळले आणि परत आले. खिशातून किल्ली काढून त्यांनी वाट्यांशेजारी ठेवली.

“उद्या तास कधी आहे, बाई? साखर मी घेऊन येतो.”