सिलेबसमधला पोळा

शैलाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात ठेठरी खात होते, तिनंच आदल्या रविवारी डब्यात भरून दिलेली. फोन ठेवल्यावरही ती तळलेल्या बेसनाची कुरकुरीत कडी मी तशीच चावत राहिले… काय करावं तेच कळत नव्हतं. आता महिना उलटून गेलाय आणि तिची आठवण आली की रडण्याआधी हसू येतं. तिला ते आवडलं असतं.

आत्या रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेली, रायपुरात तेलीबांध्याला एकटी राहायची. छत्तीसगड राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत दोनदा आपटून मी तिच्याकडे अभ्यासाला आले. बाबांनी बजावलं होतं, आता ही शेवटची. नाहीतर सदर बाजारात काकांच्या दुकानावर बसायचं. सिलेबस नुसता दिसला तरी मी तो पालथा घालून ठेवायचे. एका सकाळी आत्यानं चष्मा लावला. "काहून भेते एवढ्याशा कागदाले? वाच, मले समजू दे."

"आत्या, आपको क्या समझेगा इसमें?"

"तुले तरी कुठं समजून राहिलं?"

मी वाचत गेले. इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था… छत्तीसगडचे सण आणि लोकजीवन आलं तसं "ये तो अपना ही है" म्हणत पान उलटलं. आत्याला तेवढ्यानं पटेना. तिनं माझा सराव पेपर मागितला. त्यात प्रश्न होता, इथे पोळ्याला मुलं खेळतात ते बैल कशाचे? मी बिनधास्त लाकडावर खूण केली होती. आजोबांनी नागपूरहून आणलेला चाकांचा लाकडी बैल आमच्या घरी तान्ह्या, म्हणजे पोरांच्या, पोळ्याला सजायचा, तोच डोळ्यांपुढे. उत्तर होतं माती. तीन पिढ्या रायपुरात काढल्या आणि पोळा मात्र नागपूरचाच करत राहिलो. आत्या इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मी बी लाकूडच म्हटलं असतं," म्हणाली.

मग तिनं तो भाग स्वयंपाकघरातून समजून घ्यायला काढला. शेजारच्या साहू दीदींना गुरू केलं. हरेलीला, म्हणजे पावसाळ्यातल्या अवसेला, गुळाचा चिला, आपलं धिरडंच, पोळ्याला ठेठरी आणि गोड खुरमी, छेरछेराला, म्हणजे पौषातल्या पुनवेला, दारी आलेल्या पोरांना धान. तिची पहिली ठेठरी ओट्यावर आपटली तरी तुटेना. खाताखाता मी तिला तो सण समजावून सांगायचे, कोण करतं, का करतं, शेतीचं कोणतं काम तेव्हा संपतं. ताट रिकामं झालं की ती हात झटकायची, "चल, हा टॉपिक झाला." हळूहळू भूगोलही मी तसाच, ताटातल्या भातापासून, वाचायला लागले आणि सिलेबसची भीती कधी गेली ते कळलंही नाही.

पेपरात सणांवर एकही प्रश्न आला नाही. आत्या भडकली. "मंग एवढं बेसन काहून मळलं मी?" पण मी पास झाले, यथावकाश नोकरीही लागली. त्यानंतरही दर पोळ्याला आत्या मातीचा नवा बैल आणून आमच्या घरच्या लाकडी बैलाशेजारी ठेवायची. परीक्षा संपली तरी तिचा अभ्यास चालूच होता.

यंदा तो बैल मी आणला. साहू दीदींनी ठेठरी पाठवली होती. दोन्ही बैलांची पूजा केली, जेवले, ताट रिकामं झालं, सवयीनं हातही झटकले. तिचं वाक्य अगदी ओठांवर आलं… पण म्हटलं नाही. हा टॉपिक राहू दे म्हटलं, थोडा बाकी.