हातात मावेल तेवढंच

अख्खी गल्ली खुशीत होती आणि माझा नवरा मुंबईच्या दवाखान्यात मरणाच्या दारी पडला होता. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं, म्हातारी तिखटमीठ लावून सांगतेय. नाही हो! त्या दिवशी मी विमानात बसणार होते ना! नागपूरच्या आमच्या विणकरांच्या मोहल्ल्यातून तोवर कुणीच विमानात बसलं नव्हतं. नागपूर तेव्हा अजून मध्य प्रदेशाची राजधानी होती. मंत्रीबिंत्री सोनेगावहून उडायचे, आम्ही मान वर करून बघायचो आणि पुन्हा सुताच्या कांड्या भरायला लागायचो.

झालं होतं ते असं. हातमागावर पोट भरेना, म्हणून लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवरा मुंबईच्या एका कापडगिरणीत लागला. पाजणीखात्यात. आमच्याकडे सुताला खळ द्यायची म्हणजे पहाटे गल्लीत ताणा, म्हणजे उभं सूत, पसरायचा, चुलीवर शिजवलेली पेज कुंच्याने सुताला चोपडायची, आणि ऊन चढायच्या आत वाळवून गुंडाळायचा. गिरणीत त्याच खळीचे मोठाले हौद होते, वाफेवर रटरटणारे. तो सुटीवर यायचा तेव्हा सांगायचा, आणि सासू म्हणायची, "एवढी खळ कोण पेते गा?" आम्ही हसायचो.

सकाळी आठच्या सुमारास गिरणीच्या नागपुरातल्या दुकानाचे मुनीम मोटारीतून गल्लीच्या तोंडाशी उतरले. हातात तार होती. मी ओट्यावर रहाट फिरवत होते, सासू आत मागावर बसली होती. मुनीम उभ्याउभ्याच बोलले. हौदातली उकळती खळ अंगावर उडाली. तोंड, छाती, डोळे. डॉक्टर म्हणतात, दोन दिवस निघाले तर निघाले. गिरणीचे एक साहेब नागपूरला आलेले आहेत, ते आज दुपारच्या विमानाने परत जाणार होते. त्यांनी आपली जागा बाईंना दिली आहे. पण विमान ठासून भरलंय, सामान अजिबात घेणार नाहीत. हातात मावेल तेवढी एक पिशवी, बस्स.

माझ्या हातातला रहाट तसाच थांबला. आतला मागाचा खटखटाटही थांबला आणि सासू दारात आली. नवरा गेल्यावर तिने या एकुलत्या पोराला मागावर बसून वाढवलं होतं. मला वाटलं, आता ही छाती बडवून घेणार. तिने मुनीमांना एकच विचारलं.

"केवढी पिशवी?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. पोटचा पोरगा जळालाय, आणि ही बाई विचारते पिशवी केवढी! मुनीमही गडबडले. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत माप दाखवलं, "एवढी. मांडीवर ठेवता येईल अशी." सासूने मान हलवली आणि आत गेली. लोखंडी पेटीची कडी वाजली. दगड आहे दगड, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात गल्लीत बातमी फिरली. बातमीचा पहिला अर्धा भाग कुणी नीट ऐकलाच नसावा, दुसरा मात्र सगळ्यांनी ऐकला. बापा रे, काय गर्दी! कुणी तिळाची चटणी आणली, कुणी दशम्या. एका काकांनी मुंबईच्या भाच्यासाठी संत्र्यांची अख्खी करंडी आणून ओट्यावर ठेवली. मुनीम ओरडले, सामान चालत नाही म्हणून. तर काकाच त्यांना समजावतात, "अहो, इमानाले कायचं ओझं? ते त हवेत राह्यते!" शेजारची म्हातारी माझी हनुवटी धरून म्हणाली, "नशीब काढलं वं पोरी. वरून आपली गल्ली दिसली त हात हालवजो."

मग मात्र माझा तोल गेला. "मी वरातीले चालली काय? माणूस मरून राह्यला माया तिकडे! तुमाले इमान दिसते?" करंडीला मी अशी लाथ हाणली की संत्री पार नालीपर्यंत गेली. काका वाकून संत्री वेचायला लागले. आज वाटतं, बिचाऱ्यांना काय कळणार होतं? आमच्याकडे आजारी माणसाकडे जायचं म्हणजे रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने, डोळे पुसत. विमान म्हणजे मंत्री, शेठ आणि आनंद. पण तेव्हा एकेकाच्या तोंडावरचं हसू मला चटका देत होतं.

सासू बाहेर आली ती पिशवी बांधूनच. खाकी रंगाची, नवऱ्याच्या शाळेच्या दिवसांतली. तोंड सुताने आवळून आमच्या विणकरी गाठीने बंद केलेलं. जन्मभर सुताच्या लडी हातावर तोलून घेतलेली बाई ती, तशीच तिने पिशवी तळव्यावर तोलली आणि मुनीमांना म्हणाली, "शेरभराच्या आत हाय."

"माय, माझं दुसरं लुगडं टाकलं का?" मी विचारलं.

"नाई."

"मग नेसू काय तिथी?"

"लागन ते टाकलं हाय. दशमी हाय, लिंबू हाय. पोचल्यावरच उघडजो."

तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मी पाया पडले ते नाइलाजाने.

सोनेगावला आणखी एक धक्का बसला. तिथे माणसं तोलत होते! एक मोठा काटा, त्यावर शेठ चढतोय, साहेब चढतोय, आणि टोपीवाला बाबू आकडा मोठ्याने वाचतोय. मी धान्याची पोती तोलताना पाहिली होती, सूत तर रोजच पाहत होते. जितं माणूस, तेही बाईमाणूस, चारचौघांत तोलतात हे मला माहीत नव्हतं. मी मागे सरकले. बाबू म्हणाला, "चढा ना बाई. पिशवी हातात घेऊनच चढा." चढले. शरमेने मान वर होईना. माझं आणि पिशवीचं मिळून वजन त्याने साऱ्यांना ऐकवलं, मागच्या शेठच्या निम्मंही नव्हतं. शेठ हसून हिंदीत म्हणाले, "बस, इतनाही सामान?" उत्तर दिलं असतं तर शिवीच दिली असती.

आत बसल्यावर एका मुलीने सगळ्यांना गोळ्या वाटल्या आणि कानात घालायला कापसाचे बोळे. अख्खा जन्म कापसात गेला, आणि इथेही कापूसच! मग ते धूड असं थरथरायला लागलं की शंभर माग एकदम सुरू व्हावेत. जमीन खाली गेली. पोटातलं सगळं वर आलं. खाली गल्ली दिसली की नाही, मला विचारू नका, माझे डोळे घट्ट मिटलेले होते. मी मनात एकच जपत होते: दोन दिवस, दोन दिवस. मी पोहोचेपर्यंत त्याने डोळे मिटू नयेत, एवढंच.

उलटी आवरेना, म्हणून लिंबू आठवलं. "पोचल्यावरच उघडजो" म्हणाली होती, पण मरो. मी दातांनी गाठ सोडली आणि पिशवीत हात घातला.

दशम्यांची पुरचुंडी. लिंबू. आणि खाली घडी घातलेलं पांढरं कापड.

पांढरं. काठ नाही, पदर नाही, रंगाचा एक धागा नाही. माझी सासू विधवा, ती बिनकाठाचं पांढरंच नेसायची. मी पिशवी तळापर्यंत चाचपली. कुंकवाची डबी नाही, बांगडी नाही, दुसरं काहीच नाही. लागन ते टाकलं हाय!

त्या विमानात एवढा आवाज होता, पण मला काही ऐकूच येईना. म्हणजे म्हातारीने मुनीमांचं बोलणं ऐकलं, पिशवीचं माप घेतलं, आणि तिथल्या तिथे पोराला मारून टाकलं? मला रांडवेचं लुगडं देऊन पाठवलं? बदलायला दुसरं लुगडं कशाला, हे आहेच ना नेसायला! मी बावीस वर्षांची होते. रडू येईल असं वाटलं, पण संताप आला. जितक्या शिव्या मला खाप्याच्या माहेरी आणि नागपूरच्या सासरी मिळून ऐकायला मिळाल्या होत्या, तितक्या सगळ्या मी तिला त्या प्रवासात दिल्या. खिडकी उघडती तर ते कापड मी ढगात भिरकावलं असतं. लिंबू हातातच राहिलं.

दवाखान्यात पोहोचले तेव्हा तो जिवंत होता. पण ओळखू कसा यावा? डोकं, डोळे, गळा, सगळं पट्ट्यांत. छातीवर चादर टेकू नये म्हणून पिंजऱ्यासारखं काही ठेवलेलं. फक्त उजवा हात उघडा होता, आणि त्याच्या बोटांवर मागाचे जुने घट्टे होते. त्या हातावरून मी त्याला ओळखलं. हाक मारली तेव्हा बोटं हलली.

"माय आली?" त्याने विचारलं. आवाज खोल विहिरीतून यावा तसा.

"जागा एकच होती."

"काय पाठवलं तिनं?"

मी काय सांगणार? तुझ्या मायनं माझ्यासाठी पांढरं लुगडं पाठवलंय, म्हणून सांगू? पिशवी मी खाटेवर त्याच्या हाताशीच ठेवली होती, तेवढंही भान मला नव्हतं. त्याचा हात चाचपत चाचपत तिच्यात गेला आणि त्याने कापडाचं टोक ओढलं. मी धावले, "ते नको, ते असू दे," पण त्याने मुठीत धरलं होतं.

मग त्याची बोटं कापडावरून चालायला लागली. हळूहळू, कडेकडेने. एका ठिकाणी थांबली. तिथे मागेपुढे फिरली. पुढे वीतभर गेली, पुन्हा थांबली.

"इथी दोन धागे सुटले होते," तो म्हणाला. "आन इथी बाणा ढिल्ला पडला होता. मारलं होतं मायनं मले."

बाणा म्हणजे आडवं सूत, पण ते कुणाचं, कधीचं, मला समजेना.

"माया पहिला कपडा होय हा. दहा वर्षांचा होतो. ठेवला होता तिनं."

आमच्या खाप्याला पोरगा पहिल्यांदा मागावर बसून जो कपडा विणतो, तो कन्हान नदीच्या पाण्यात सोडतात. घरात ठेवत नाहीत. नागपूरच्या या घरात तो आई पेटीत जपते, विकत नाही, नेसत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी कापड उलगडलं. कसलं नऊवारी! चार हात लांब, तेही वाकडंतिकडं, एका कडेला फुगलेलं, दुसरीकडे आवळलेलं. विमानात मी घडीसुद्धा मोडली नव्हती. विणकराच्या पोरीने कापड उलगडून न बघता त्याला नाव ठेवलं! माझ्या बापाने ऐकलं असतं तर थोबाडीत दिली असती.

त्याने ते सोडलं नाही. दोन दिवस निघाले, चार निघाले, पंधरा निघाले. ताप चढला की मूठ आवळायचा, उतरला की पुन्हा सुटलेले धागे शोधत बसायचा. परिचारिकेने एकदा धुवायला मागितलं तर तिच्यावरही ओरडला. डावा डोळा गेला. उजवा राहिला, त्याच्यासाठी पुढे कितीक वर्षं आम्ही नागपुरातल्या धंतोलीच्या डॉक्टरांकडे खेपा घातल्या. पण माणूस राहिला. पावणेदोन महिन्यांनी आम्ही रेल्वेने नागपूरला आलो.

सासूने दारात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. तोंडावरचे व्रण एकदा तळव्याने चाचपले, आणि म्हणाली, "हात धू, जेवून घे." एवढंच.

माझ्या मात्र पोटात राहीना. तो आत जेवायला बसला, आणि ती ओट्यावर रहाटापाशी बसली, तेव्हा मी तिच्यापुढे जाऊन बसले. म्हटलं, "माय, मी लय वाईट बोलली तुमाले मनात. पिशवी मी इमानातच उघडली. मले वाटलं, तुमी मले रांडवेचं लुगडं देल्लं. चुकलं माझं." आणि मी डोकं तिच्या पायावर ठेवलं.

तिने डोकं उचललं नाही. रहाट फिरतच होता.

"अर्धं त खरंच होतं तुयं," ती म्हणाली.

मी मान वर केली.

"पिशवी केवढी, ते मी पुसलं ना त्या मुनीमाले? दोन कपडे मावले नसते. म्हणून एकच टाकला, दोन्हीकडे पुरन असा. जगला त तो हातात घेईन. नाई जगला त..." तिच्या बोटात सूत तुटलं. तिने ते थुंकी लावून सांधलं. "नाई जगला त परक्या गावी कोण काय टाकन त्याच्यावर? गिरणीचं कापड काहून पडू देऊ मी माया पोरावर?"

ही बाई मला दगड वाटली होती. सकाळी आठ वाजता दारात उभी राहून, एका पिशवीच्या मापात, तिने पोराचं जगणं आणि मरणं दोन्ही एका घडीत बांधून दिलं होतं. आणि माझ्या हाती देऊन, वजन सांगून, मला पाठवलं होतं. मला आधी सांगितलं असतं तर मी ती पिशवी उचलू शकले नसते, हे तिला माहीत होतं.

"आनजो तो कपडा," ती म्हणाली. "पेटीत ठेवाचा हाय."

मी आणून दिला. त्यावर मलमाचे पिवळे डाग पडले होते, दवाखान्याचा वास येत होता. तिने तो हुंगला. मग तोंडाशी धरला आणि तेव्हा, पावणेदोन महिन्यांनी, ती रडली. आवाज न करता, खांदे हलवत. आतून त्याने पाणी मागितलं. आम्ही दोघी एकदमच उठलो.