आप्पांचा अबोला आणि अण्णांचा ताणा

मला तेव्हा माणसांच्या मनाचं वेड लागलं होतं. लढाईचे दिवस होते. लष्कराच्या कॅम्पाजवळच्या ट्रेनिंग कॉलेजात मी मास्तरीण व्हायला शिकत होते, बोर्डिंगात राहत होते, आणि मानसशास्त्राचा तास आला की मला बाकावर धड बसवत नसे! माणूस असा का वागतो याचंही शास्त्र असतं, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. सुट्टी लागताना बाईंनी काम दिलं, "आपापल्या गल्लीत एक प्रश्न विचारा आणि उत्तरं जशीच्या तशी लिहून आणा." वडगावला घरी पोचेपर्यंत माझा प्रश्न तयार होता.

आमची गल्ली विणकरांची. ताणा, म्हणजे साडीची उभी सुतं, मागावर चढवण्याआधी गल्लीभर पसरायचा, त्याला खळ लावायची आणि ऊन तापायच्या आत कुंच्यांनी सूत न् सूत मोकळं करायचं. याला पाजणी म्हणतात. उशीर झाला की सुतं एकमेकांना चिकटतात आणि ताणा वाया जातो. घरच्या माणसांनी हे काम उरकत नाही, पण कुणी कुणाला बोलवायलाही जात नाही. ताणा पसरलेला दिसला की शेजारी येतात. माझा प्रश्न होता : ज्याच्याशी तुमचा अबोला आहे, त्याच्या पाजणीला तुम्ही जाल का?

काय एकेक उत्तरं मिळाली! गल्लीत अबोल्यांना तोटा नव्हताच. एक काका म्हणाले, "मेलो तरी न्हाय." एक आक्का पदर खोचून उभी राहिली, "आदी तिला माझी कळशी परत दे म्हनावं, मग बघू." मी भराभर लिहीत सुटले. शेवटी शेजारी आप्पांकडे गेले. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. मला बोर्डिंगात ठेवण्यावरून त्यांचं आणि माझ्या वडिलांचं तीन वर्षांपूर्वी बिनसलं, तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते.

"आप्पा, अण्णांच्या पाजणीला जाशीला का?"

"तुझ्या बापाच्या? हात झडंल माझा! लिव्ह त्ये!"

मी लिहिलं. लिहिताना मला, खरं सांगते, गुदगुल्या होत होत्या. असं उत्तर वर्गात दुसऱ्या कुणाला मिळणार होतं!

संध्याकाळी चुलीपाशी बसून आईला सगळं वाचून दाखवलं. आप्पांचं उत्तर ऐकलं आणि भाकरी थापणारा तिचा हात थांबला.

"अगं बया! उद्या आपली पाजणी हाय. कुंचा धरायला त्येंच्यासारखा हात न्हाय गल्लीत. बोलल्यालं वाऱ्यावर जातं गं, लिवल्यालं कसं जाईल? आता मनात असलं तरी येता यायचं न्हाय त्यास्नी."

माझा आनंद पार उतरला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं माझ्या शहाणपणानं वडिलांचा माग रिकामा राहणार होता.

सकाळी ताणा पसरला. चार शेजारी आले आणि त्यांनी तो ताणून धरला. अण्णांनी एका बाजूनं कुंचा घेतला. दुसऱ्या बाजूला त्यांच्या पावलाला पाऊल जुळवून कुंचा ओढणारा हवा होता. मी पुढे झाले आणि पहिल्याच फटक्यात दोन सुतं तोडली. "सोड त्यो," अण्णा म्हणाले. ऊन समोरच्या कौलांवरून खाली उतरत होतं, खळ वाळायला लागली होती, आणि अण्णा नुसते उभे होते. आप्पांचं दार बंद. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

तेवढ्यात दार उघडलं! आप्पा बाहेर आले आणि कुणाकडं न बघता त्यांनी दुसरा कुंचा उचलला. दोघे भाऊ निघाले. पाऊल एक, हात एक, आणि तोंडं मात्र दोन दिशांना! मी गल्लीत सगळ्यांदेखत उड्या मारल्या, धावत घरात जाऊन वही आणली. शेवटचा हात फिरवून परत जाताना आप्पांनी ती वही पाहिली.

"काल बोललो त्ये खोडू नगंस," ते म्हणाले, "त्ये बी खरंच हाय." आणि चहाला न थांबता घरी गेले.

अण्णा परसात हात धूत होते. मी वही उघडूनच त्यांच्यापुढं उभी राहिले. मला धाप लागली होती.

"अण्णा, आप्पा आले! अबोला असून आले! आता तुमचं उत्तर सांगा. त्यांच्या पाजणीला तुम्ही जाशीला?"

अण्णांनी ओले हात धोतराला पुसले.

"जाशीला म्हंजे? तीन सालं जातोयच की," ते म्हणाले. "तू हुतीस कुठं बघायला?"