चौकशी माझ्याकडे होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज ज्याच्यासोबत चहा पितो त्या मित्राला नाही. देवळात हात जोडून उभा राहतो तेव्हासुद्धा हा विषय आला की मी आपला दुसरंच काहीतरी मागतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्याला सांगायला छाती लागते, आणि ती माझ्याकडे किती आहे ते पुढं कळेलच.

मी गोंदियात एका कॉलेजात कंप्यूटर शिकवतो. आज पक्का आहे. पण ज्या काळची ही गोष्ट आहे — दोन हजार दहा उलटून गेलं होतं, हातात नवे नवे स्मार्टफोन येऊन राहिले होते — तेव्हा मी तासिकेवर होतो. आठ वर्षं तासिकेवर! नवेगावबांधला, गावी घरी गेलो की वडील एकच प्रश्न विचारायचे, "झाला का बाबू परमनंट?" मी "होईल" म्हणायचो. आठ वर्षं तेच उत्तर द्यायला काय वाटतं, ते ज्यानं दिलंय त्यालाच ठाऊक. पण थांबा — हे मी बचाव म्हणून सांगत नाहीये. कारण सांगतोय. दोन्हीत फरक आहे ना? आहे असं मी धरून चालतो.

तर त्या वर्षी कॉलेजला पक्की जागा मंजूर झाली, आणि मी ठरवलं की काहीतरी मोठं करून दाखवायचं. काय, तर माहिती सुरक्षेवर विभागीय परिषद. गोंदियात! लोक हसले. "इथं कोण चोरतो बे मेल?" असं आमच्याच स्टाफरूममध्ये एकजण म्हणाला. पण मी लागलो कामाला. भंडारा, चंद्रपूर, बालाघाट, राजनांदगाव, सगळीकडे पत्रं गेली. नागपूरचे एक जाणकार बोलवायचे ठरले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, जेवणात वांग्याची भाजी अन् बुंदी, लाईट गेली तर जनरेटर — सगळं माझ्या डोक्यावर. अर्धे लोक प्रमाणपत्रासाठी येणार, हे मला माहीत होतं. येऊ देत. खुर्च्या भरल्या म्हणजे झालं.

या सगळ्या धावपळीत माझा उजवा हात कोण होतं? कुंदाताई.

कुंदाताई आमच्या लॅबच्या सहायक. आमगावच्या. रोज सकाळच्या पॅसेंजरनं यायच्या, संध्याकाळच्या गाडीनं जायच्या. घरी सासू, एक मुलगी, अन् शेतात राबणारा नवरा. अकरा वर्षं मानधनावर होत्या. दर जूनमध्ये नवी ऑर्डर निघायची. त्यांच्याकडे एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. आमच्या कॉलेजातल्या बहुतेक सरा-मॅडमांना मेल उघडता यायची नाही — खोटं नाही सांगत — तेव्हा जो तो आपला पासवर्ड कुंदाताईंकडे देऊन मोकळा. "ताई, माझी विद्यापीठाची मेल बघून द्या." "ताई, तो फॉर्म भरून टाका." ताई वहीत बघायच्या, उघडायच्या, प्रिंट काढून टेबलावर ठेवायच्या. प्राचार्यांचा पासवर्डही त्याच वहीत होता. अकरा वर्षांत एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. एवढा भरवसा माझ्यावर माझ्या घरात कुणी ठेवत नाही.

आता परिषदेत काय झालं ते सांगतो. मला वाटलं, नुसती भाषणं काय कामाची? काहीतरी डोळ्यांसमोर दाखवलं पाहिजे. म्हणून मी नोंदणीचं एक ऑनलाईन पान बनवलं. वर परिषदेचं नाव, खाली रकाने — नाव, पद, ईमेल, आणि शेवटी ईमेलचा पासवर्ड. नोंदणीला मेलचा पासवर्ड कशाला लागतो हो? कशालाच लागत नाही. ते जाळं होतं. पण आपल्याकडे फॉर्ममधला रकाना कुणी मोकळा सोडतं का? जन्मभर सरकारी फॉर्म भरलेली माणसं आपण. रकाना दिसला की भरायचा, नाहीतर अर्ज परत येतो. चाळीसच्या वर लोकांनी भरला. बऱ्याच जणांचा तर कुंदाताईंनीच भरून दिला, वहीत बघून. प्राचार्यांचाही.

परिषदेत मी पडद्यावर फक्त आकडा दाखवला. "एवढ्या लोकांनी आपली किल्ली अनोळखी माणसाच्या हाती दिली!" काय टाळ्या पडल्या. नागपूरच्या पाहुण्यांनी जेवताना हळूच विचारलं, "सर, ती यादी पुसली ना?" मी म्हणालो, "हो, कधीचीच." — पुसली नव्हती. तेव्हा मनात काही नव्हतं, शपथ. आळस होता. पण पुसली नव्हती, एवढं खरं.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशीची. समारोपाच्या भाषणात मी रंगात आलो. माईक हातात असला की माझं असंच होतं. म्हणालो, "आमच्या कॉलेजात एक निळी वही आहे. ज्याच्या हाती ती वही, त्याच्या हाती अख्खं कॉलेज!" सभागृह हसलं. नाव घेतलं नाही मी, पण आमचे सगळे मागं वळून बघायला लागले. कुंदाताई दाराजवळ प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून.

परिषद झाली. पेपरात फोटो आला. आणि आठ-दहा दिवसांनी कुणीतरी बोललं की पक्क्या जागेसाठी प्राचार्यांनी संस्थेला शिफारस पाठवली. कुणाची? कुणालाच माहीत नाही. दोघं होतो आम्ही, मी आणि दुसरा एकजण, संस्थेतल्या एकाचा नातेवाईक. माझं जेवणावरून मन उडालं. चार दिवस मी प्राचार्यांच्या केबिनसमोरून उगाच ये-जा करत होतो.

मग एका दुपारी — प्राचार्य नागपूरला विद्यापीठात गेले होते, स्टाफ डबे खायला बसला होता — मी लॅबमध्ये बसलो, ती यादी उघडली, आणि प्राचार्यांचा पासवर्ड टाकला.

लिहिलं शेवटी.

पाच मिनिटं लागली असतील. पत्र सापडलं. त्यात माझंच नाव होतं. माझीच शिफारस, चांगली दीड पानी. ती आठवडाभर आधीच गेली होती. म्हणजे मी काही केलं नसतं तरी सगळं झालंच होतं! मला इतका आनंद झाला की खाली जाऊन मी समोसे मागवले, सगळ्यांना. कुंदाताईंनाही एक दिला. "कायले जी सर आज?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "परिषदेची पार्टी राहिली होती ना."

पुढच्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा मुलगा पुण्यात इंजिनियर. तो सुट्टीवर आला होता आणि वडिलांची मेल नीट करून देत होता. त्यात नोंद दिसली — अमुक दिवशी, दुपारी, कॉलेजच्या कनेक्शनवरून मेल उघडली. त्या दिवशी प्राचार्य तर नागपुरात. मग उघडली कोणी?

वाटलं, कळलं यांना. पण ते काय म्हणाले माहीत आहे? "सर, आप जानकार हैं. एवढी मोठी कॉन्फरन्स घेतली तुम्ही. पोलिसात नको, बदनामी होईल. तुम्हीच चौकशी करा."

चौकशी. माझ्याकडे. तेव्हा तोंड उघडता आलं असतं. त्या केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो, पंखा फिरत होता, आणि मला एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "बघतो सर."

मी कुणाचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही. ती वही मी आधीच दोनशे लोकांसमोर माईकवरून दाखवून ठेवली होती. स्टाफरूममध्ये दोन दिवसांत सगळे सांगायला लागले, वही तर त्यांच्याकडेच असते, लॅबही त्यांचीच. ज्यांनी अकरा वर्षं स्वतःहून पासवर्ड नेऊन दिले, तेच म्हणायला लागले की आम्हाला आधीपासून शंका होती. बायकांनी डब्याला त्यांना सोबत घेणं सोडलं. त्या लॅबमध्ये एकट्या जेवायच्या.

कुंदाताईंचा जबाब मी घेतला. मी! त्या समोर बसल्या, हात मांडीवर. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सर, मी कोनाची मेल नाई उघडली जी सांगितल्याबिगर. प्राचार्य सरायचा पासवर्ड तं मी एवढ्यात फक्त तुमच्या कॉन्फरन्सच्या फॉर्मात टाकला, बाकी कुठंच नाई टाकला."

ऐकलंत? सगळं त्या वाक्यात होतं. त्यांना त्याचा अर्थ कळला नव्हता — त्या साधेपणानं, जसं आठवलं तसं सांगत होत्या. पण तो कागद दुसऱ्या कुणी वाचला असता, प्राचार्यांच्या त्या मुलानं नुसती नजर टाकली असती, तर बोट सरळ माझ्याकडे आलं असतं.

मी ते वाक्य लिहिलं नाही.

"पासवर्ड वहीत लिहून ठेवण्याची पद्धत होती, हे मान्य" — असं लिहिलं. "वही टेबलावर असे, हे मान्य" — असं लिहिलं. लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं, बरं का. कागद त्यांच्यापुढं सरकवला आणि म्हणालो, वाचून सही करा. त्यांनी वाचलाच नाही. "तुमी लिहिलं म्हनजे बरोबरच असन," म्हणाल्या आणि सही केली. पेन परत देताना म्हणाल्या, "सर, तुमाले तं यातलं सारं समजते. शोधून काढा जी त्याले. माजी मुलगी मोठी होऊन राहिली, लोक नावं ठेवतीन."

मी म्हणालो, "शोधतो ताई."

त्याच रात्री नाही, चार दिवसांनीही नाही — तिथंच, त्या कुंदाताई दाराबाहेर पडताच मी ती यादी पुसून टाकली. महिनाभर आळसानं राहिलेलं काम एका मिनिटात झालं. अहवालात लिहिलं की नक्की व्यक्ती सांगता येत नाही, मात्र लॅबमध्ये निष्काळजीपणा झाला. किती मोजून-मापून लिहिलं होतं! प्राचार्य खूश झाले. जूनमध्ये माझी पक्की ऑर्डर आली. कुंदाताईंची आली नाही. नवेगावला वडिलांनी पेढे वाटले आणि मी त्यांच्या पाया पडलो.

मला लाज वाटते. नुसतं लाज वाटते म्हटलं की किती स्वस्त वाटतं ना? पण दुसरा शब्द नाही माझ्याकडे. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजात मला माहिती सुरक्षेवर बोलायला बोलावतात. मी जातो. चांगलं बोलतो, लोकांना आवडतं.

आता शेवटचं. पाच-सहा वर्षांनी एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नाला आमगावला गेलो होतो. मंडपाबाहेर मागून आवाज आला, "सर! ओळखलं काय जी?" कुंदाताई. केस पांढरे झालेले. घरी चला म्हणून मागंच लागल्या, जवळच घर होतं. नाही म्हणायला काय कारण देणार? गेलो. ओसरीत शिलाई मशीन होतं, ब्लाऊजच्या कापडांचा ढीग. मी विचारलं, गावात आता ऑनलाईन फॉर्मची दुकानं झालीत, तुम्ही का नाही टाकलं? तुमच्यासारखं काम कुणाला येतं?

"कंप्यूटरले मी हात नाई लावत आता," त्या म्हणाल्या. "लोक देतीन काय मले आपला पासवर्ड?"

सासूबाई खाटेवर बसल्या होत्या, त्यांना नीट दिसत नव्हतं. कुंदाताईंनी त्यांच्याजवळ वाकून मोठ्यानं सांगितलं, "माय, हेच ते सर. सारे माह्यावर उलटले तवा यायनं एकट्यानं शोधलं माह्यासाठी. नावबी नाई घेतलं माजं कागदावर. पन तो सापडलाच नाई."

म्हातारीनं अंदाजानं माझ्या दिशेला हात जोडले. म्हणाली, "देव भलं करो बाप्पा तुमचं."

मी तिचे हात खाली घेतले नाहीत. कुंदाताई माझ्याकडे बघत होत्या, मी काही बोलीन म्हणून. मी म्हणालो, "हो ना ताई. खूप शोधलं मी."