निवळीतलं गोंडाळ

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण माझ्या कडावच्या आत्याचं. तिच्या घरी राहूनच मी कर्जतच्या शाळेत शिकलो आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो.

युद्ध संपलं त्या सुमारास कॉलेजच्या प्रयोगशाळेत मला नोकरी मिळण्याचा संभव होता. प्राध्यापकांनी अट घातली होती : पाण्यावर तरंगणारं गोंडाळ हे पाणझाड निरनिराळ्या पाण्यांतून लोह किती घेतं, ते करून दाखवा. दिवाळीच्या सुटीत मी आत्याच्या अंगणात पसरट मडकी मांडली. काहींत नदीचं पाणी, काहींत विहिरीचं.

सगळ्याच मडक्यांतली कोवळी पानं पिवळी पडू लागली. लोह कमी पडलं असेल म्हणून हिराकस घातला. तळाला गंजासारखा गाळ बसला; पानं पिवळी ती पिवळीच. पुन्हा हिराकस, पुन्हा गाळ. सुटी संपत आली आणि मी घरात धड कुणाशी बोलेनासा झालो.

एका सकाळी पाहतो तो आत्या तांब्या घेऊन मडक्यांवर वाकलेली! घराला नुकतीच सफेदी झाली होती, आणि उरलेल्या चुन्याची निवळी पिण्याच्या पाण्यात टाकायची आमच्याकडे रीतच होती.

"आत्या, हे काय?"

"पानी सुधरवते रं. आळ्या व्हतील."

"रोज टाकतेस?"

"तर! परवा तू कायतरी कालवलंस नि पानी तांबडं झालं, तवा जास्तीच टाकली."

मी कपाळाला हात लावला. चुन्यानं पाण्याचा आम्लपणा जातो, लोहाचा गंज होऊन तो खाली बसतो, झाडाला घेताच येत नाही, असं तिला परोपरीनं सांगितलं.

"झाड लोखंड खातंय? मग कोयता टाक की त्यात," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

नाइलाजानं ती पिवळी मडकीच घेऊन मी कॉलेज गाठलं. प्राध्यापकांनी सगळी हकीकत ऐकली, पानं उलटसुलट पाहिली आणि चक्क खूश झाले. "चुन्यानं लोह कसं अडतं, ते आयतंच दिसलं. पण चुना किती पडला? ते कळल्याशिवाय याला अर्थ नाही."

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं :

"तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार. माझी नोकरी आता तुझ्या तांब्यावर अडली आहे. कोणत्या मडक्यात किती निवळी घातलीस, ते आठवून कुणाकडून तरी लिहवून पाठव. 'घातली थोडी' असं कळवू नकोस. उरलेली निवळी बाटलीत भरून ठेव, मी न्यायला येतो. आणि मी येईपर्यंत, तुझ्या पाया पडतो, कशातही काही टाकू नकोस."