फौजदाराच्या पाठीवरचा कोंबडा

सहादेव तात्यांना कुणी "राम राम" घातला, तरी ते आधी घसा खाकरतात आणि विचारतात, "कशापायी?" आवाज असा, जणू चरकात ऊस अडकलाय. श्रीगोंद्याकडच्या आमच्या वस्तीवर दुधाची गाडी उशिरा आली की ते ड्रायव्हरशी भांडतात, वीज गेली की वायरमनशी, आणि कुणीच सापडलं नाही तर शेजारी एकट्या राहणाऱ्या राहीबाईंशी. चांगलं बोलतात ते फक्त फौजदाराशी. फौजदार म्हणजे त्यांचा तांबडा कुत्रा. बायको गेल्यापासून भाकरीचा पहिला तुकडा त्याला, मग स्वतःला.

यंदा उन्हाळ्यात गोठ्यात गोचीड माजले. गाईंच्या अंगावरचे गोचीड कोंबड्या टिपून खातात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तात्यांनी तोच इलाज कुत्र्याला लावला. फौजदाराला गोठ्यात बांधलं आणि दाणे टाकून राहीबाईंच्या कोंबड्या आत बोलावल्या. एरवी कोंबडी दिसली की हा कुत्रा साखळीला हिसके द्यायचा. आता गपगार पडून राहू लागला. तात्या पारावर जाऊन ऐट मारायचे, "आमचा फौजदार लई शाना झालाय. कोंबडा पाठीवर हुबा ऱ्हातो, तरी हूं न्हाई का चूं न्हाई."

एक दिवस राहीबाई कोंबडा न्यायला आल्या. त्या नाकातून बोलतात आणि शेवटचा शब्द पार शिवेपर्यंत ओढतात.

"तात्या, माझा कोंबडा ह्याच्या अंगावर नाचतोय, आन् ह्यो डोळं बी उघडंनाऽऽ. ह्याला शाना म्हणताय व्हय? मरायला टेकलाय ह्यो."

"तुझं त्वांडच वंगाळ."

"भाकर खाल्ली का त्यानं?"

"ऊन लई हाय. उन्हाचं खात न्हाई."

"कालची बी तशीच पडलीया की हितं. मुंग्या खात्यात."

तात्यांनी वाकून भाकरीवरच्या मुंग्या झटकल्या. राहीबाईंनी कुत्र्याचा ओठ वर केला. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. त्यांनी तिथूनच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "लवकर या बाई. कुत्रं आजारी हाय आन् मालक येडा हाय."

डॉक्टर पंकजा मोटारसायकलवर आल्या. त्यांचं बोलणं हळू, पण चिमटा जोरात. त्यांनी फौजदाराचा कान उलटा केला. आत एरंडाच्या बियांसारखे टपोरे गोचीड, दाटीवाटीनं.

"तात्या, वरचे कोंबडीनं खाल्ले. कानातले, बोटांच्या बेचक्यातले कोण खाणार? गोचीड चावला की रोग रक्तात शिरतो. याला गोचीड ताप झालाय."

तात्या तडक उठले आणि गाईंच्या फवाऱ्याचा डबा घेऊन आले.

"ठेवा ते खाली. गाईचं औषध याला मारलंत तर तापाच्या आधी औषधानंच जाईल. कुत्र्याचं औषध वेगळं, वजन बघून मानेवर सोडायचं, आणि तेही याला बरं वाटल्यावर." त्यांनी रक्त घेतलं, सुई टोचली. "रेबीजची लस कधी दिली होती?"

"दिल्ती की. ल्हान हुता तवा."

"ती दरवर्षी लागते."

"मग द्या आत्ताच. उरकून टाका."

"आज नाही. आधी हा उठू दे. उठेल का, तेही आज सांगता येत नाही."

त्या गेल्यावर तात्या फौजदाराच्या तोंडाशी पाण्याची वाटी धरून बसले. राहीबाई चिमट्यानं एकेक गोचीड ओढून रॉकेलच्या डब्यात टाकत होत्या, आणि प्रत्येक गोचिडामागं तात्यांच्या अकलेचा उद्धार करत होत्या. तात्या वाटी न सोडता दुसऱ्या हातानं डबा त्यांच्याकडं सरकवत होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच फौजदारानं वाटीतलं पाणी चाटलं, तेव्हा तात्यांनी बांधावरून हाळी दिली, "प्याला गं."

"मंग म्या काय वाजंत्री लावू?" राहीबाई म्हणाल्या, पण हातातला झाडू टाकून पळत आल्या.

फौजदार बरा झाला आणि लसीचा दिवस आला. डॉक्टरीणबाई दिसताच तो दात विचकून गुरगुरला. तात्यांनी एका हातानं तोंड धरलं, राहीबाईंनी पुढचे पाय.

"नीट धर की."

"तुमी धरा नीट. माझा हात सोडा आधी."

"तुझा हाय व्हय? मला वाटलं, कुत्र्याचा."

"झालं, सोडा आता," डॉक्टरीणबाई सुई पिशवीत टाकत म्हणाल्या.

दोघांनाही ऐकू गेलं नाही. कुत्रा मधून कधी निसटला, तेही कळलं नाही.