वेगळं ताट

त्या हिवाळ्यात शाळेत तापाची साथ आली आणि मी बोलून बोलून घसा बसवून घेतला. तोंडाला रुमाल धरा. एकमेकांच्या बाटलीला तोंड लावू नका. ताप असेल तर घरी राहा, आणि घरी म्हाताऱ्या माणसांपासून लांब बसा. एरंडोलजवळच्या आमच्या त्या लहानशा शाळेत कुणी ऐकलं असेल तर शपथ! निम्मा वर्ग शेंबूड ओढत एकमेकांच्या अंगावर शिंकत बसलेला. आया तरी काय करणार बिचाऱ्या? कापूस वेचायला जायचं, तर तापलेलं पोर ठेवायचं कुणाजवळ?

ऐकायची ती एकच मुलगी, तिसरीतली. आईबाप नरडाण्याला कारखान्यात, ही इथे आजोबांजवळ. गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचे. आबांना दमा होता. नातीला शाळेत सोडून परत जातानासुद्धा दोनदा बसायचे. म्हणून मी तिला मुद्दाम बाजूला घेऊन सांगितलं, "तुला ताप आलाच तर आबांना जपायचं बरं का. ताट वेगळं, अंथरूण वेगळं." तिनं मान डोलावली.

तिला ताप आला. ती घरी राहिली, आणि आबाच तणतणत शाळेत आले.

"काय शिकाडं तुम्ही पोरले? माले म्हनस, आबा, दूर बसा! मन्ही नात आजारी, आनि मी तिले एकलं जेवाले बसाडू? तिनं उष्टं माले चालस!"

आमच्याकडे आजारी लेकराला मांडीवर घेऊन भरवतात आणि त्याच्या ताटातलं उरलेलं घरातलं मोठं माणूस खातं. ताट वेगळं मांडणं म्हणजे लेकराला परकं करणं. माझ्या आईनंही माझं उष्टं असंच खाल्लेलं, मला हे कळत नव्हतं थोडंच! पण डोकंच फिरलं माझं.

"आबा, दमा आहे तुम्हाला! जिवावर बेतेल!"

धापा टाकत हसले. "जाऊ द्या वो मॅडम. जीवनं काय लोनचं घालनं शे?"

पुढचं मला मुलीनंच सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून जेवायला बसायची. आबा तिला उचलून मांडीवर घ्यायचे, दूध-भाकरी भरवायचे, आणि उरलेलं त्याच ताटात स्वतः खायचे. ते जवळ आले की ती श्वास रोखून धरायची म्हणे. एवढीशी पोर! रोखून रोखून किती रोखणार?

ती बरी झाली आणि आबा पडले. जळगावला दवाखान्यात नेलं, तिथेच गेले.

दिवसकार्य उरकल्यावर ती शाळेत आली. मधल्या सुट्टीत सगळी पोरं खिचडीवर तुटून पडलेली, ही मात्र वर्गातच बसून होती. मी तिच्याजवळ गेले.

"मॅडम, माझ्यामुळे गेले ना आबा?"

"नाही गं बाई! दमा होता ना त्यांना."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "मग तुम्ही मला लांब बसायला का सांगितलं होतं?"

मला रडूच आवरेना. तिला पोटाशी धरायला मी हात पुढे केले, तर ती चटकन मागे सरकली.

"जवळ नका येऊ, मॅडम," म्हणाली. "मला अजून खोकला आहे."